विहिरीला बाधा कोणाची?

निफाडकडच्या त्या गावात विहिरीभोवती मुंगी शिरायला जागा नव्हती. मधोमध भस्मनाथ महाराज आणि त्यांच्या पुढ्यात, त्यांनीच चेटकीण ठरवलेली, रक्तबंबाळ भिमाबाई. हिरामण तिला काठीने बडवत होता. विहिरीचं पाणी पिऊन त्याचा मुलगा रोहित नाशिकच्या दवाखान्यात तोंडाला फेस आणून पडला होता. सकाळी डॉक्टरांनी विचारलं होतं, पोटात काय गेलं? हिरामण म्हणाला होता, करणी!

"बोल, पाण्यात काय कालवलं?"

"काय नाय रं, दादा..." भिमाबाईने हात आडवा घातला. काठी बसली आणि हाड कडकन मोडलं.

महाराजांनी विहिरीचं पाणी सगळ्यांना हुंगायला दिलं. उग्र वास! मग ते मंतरलेल्या घागरीत ओतून "ओम फट् फुर्र" केलं. खालच्या भोकातून पाणी आलं, वास गायब!

"चेटकिणीचं विष घागरीनं गिळलं!"

लोकांनी लोटांगणं घातली. रोज द्राक्षबागेतल्या फवारणीचा वास अंगावर घेऊन फिरणारी ही माणसं, पण नाकं महाराजांच्या पायाशी गहाण टाकून बसली होती.

हिरामणची पुढची काठी मधे पडलेल्या साक्षीच्या कपाळावर बसली. भिमाबाईची ही लेक ओझरच्या शाळेत विज्ञान शिकवायची. रक्त पुसत तिने घागर हिसकावली, "बे एके बे, बे दुणे चार" म्हणत विहिरीचं पाणी ओतलं. याही पाण्याला वास नाही!

"आता पाढ्यांनाही सिद्धी आली का, महाराज?" तिने घागर दगडावर आपटली. काळे दाणे सांडले. "हा करवंटीचा कोळसा. विशेष भट्टीत तापवून त्याला असंख्य छिद्रं पाडतात, त्यांत फवारणीचं विषारी औषध चिकटून बसतं. हिरामणदादा, बागेत औषध फवारायच्या ब्लोअरची टाकी कुठं धुतली?"

हिरामणची काठी गळून पडली.

"हितंच. समदेच धुत्यात की..."

"मग डॉक्टरांना औषधाचं नाव सांगा! लवकर!"

त्याने फोन लावून नाव सांगितलं. पलीकडून डॉक्टर खेकसले, "हे सकाळी सांगायला काय झालं होतं?"

तोवर जमाव महाराजांवर तुटून पडला होता. त्यांचं तोंड फुटलं.

"थांबा!" साक्षी ओरडली. "त्याला पोलिसांत द्या. कुणाला तरी मारायचंच, एवढंच येतं का तुम्हाला?"

रोहित वाचला. भिमाबाईचा हात मात्र वाकडाच जुळला.

मंडळी, पाण्याला वास आला तर ते तपासून घ्या, टाक्या विहिरीपासून लांब धुवा. वास काढणाऱ्या कोळशाचीही छिद्रं भरली की तो बदलावाच लागतो. पण बाईची हाडं मोडून विहिरीतला एक थेंबही शुद्ध होत नाही.