चढावरचं पाणी

पद्मजाने नोटीस वकिलांच्या टेबलावर आपटली.

"चढावरच्या वस्तीचा पाण्याचा व्हॉल्व्ह आधी उघडायचा, उतारावरच्या वस्तीचा मागून. हा म्हणे यांचा शोध! २०११ चा!"

अनंतराव वकिलांनी शांतपणे चष्मा पुसला. "संगणकाने ठरवून उघडायचा. पेटंट त्याचं आहे."

"नुसत्या प्रोग्रॅमला आपल्याकडे पेटंट देत नाहीत ना?"

"नाही देत. पण तुम्ही विकलंत अमेरिकेत. बिबवेवाडीतच विकलं असतंत तर माझी पायरी चढावी लागली नसती."

बिबवेवाडीतल्या दोन खोल्यांत पद्मजासह सात माणसांनी चार वर्षं खपून व्हॉल्व्ह कधी उघडायचे ते ठरवणारं सॉफ्टवेअर केलं होतं. तिकडच्या एका शहराच्या पाणीखात्याने ते घेतलं आणि महिन्याभरात ही नोटीस आली. पाठवणारी कंपनी स्वतः काहीच बनवत नव्हती. नुसती पेटंटं विकत घेऊन बसली होती.

"२०११ च्या आधी ही पद्धत उघडपणे वापरात होती, याचा पुरावा आणा," वकील म्हणाले. "मग बघू."

पुरावा कुठे आहे ते पद्मजाला ठाऊक होतं. ती थेट धायरीला गेली.

मच्छिंद्रकाका म्हणजे वस्त्यांना पाणी सोडणारे, आता निवृत्त झालेले व्हॉल्व्हमन. सॉफ्टवेअरचं काम सुरू करण्यापूर्वी, ते नोकरीत असताना, ती आठवडाभर त्यांच्यामागे हिंडली होती. त्यांनी कपाटातून वह्या काढल्या. १९९८ पासूनच्या. कुठला व्हॉल्व्ह, किती वाजता, किती फेरे. सणावाराला काय बदल. पद्मजाचा जीव भांड्यात पडला. ती भराभर फोटो काढू लागली.

"वकील लिहून देतील, काका. तुम्ही फक्त सही करायची."

"काय लिवणार?"

"ही पद्धत मुळात तुमची आहे, असं."

काका वहीवरून हात फिरवत राहिले. "मग तुमी तिकडं विकली तवा काय लिवलं व्हतं?"

सांगायचं टाळता आलं असतं. पद्मजाने फोनवर माहितीपत्रक उघडलं आणि वाचलं, "आमच्या तज्ज्ञांनी शोधलेली पद्धत."

"तज्ज्ञ म्हंजे?"

"मी."

काकांनी मान डोलावली. "बरं. आणा कागद. करतो सही."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. तिने तिथूनच ऑफिसला फोन लावला.

"माहितीपत्रकातलं 'आमच्या तज्ज्ञांनी' काढून टाका. आत्ताच्या आत्ता."

"मग तिथे कोणाचं नाव घालू?" पलीकडून विचारलं.

पद्मजा बोलायला गेली आणि थांबली. तिने फोनवर हात ठेवला.

"काका," ती हळूच म्हणाली, "तुमचं पूर्ण नाव काय?"