पायगुण आणि हिरवी मांजर

आमच्या फाटकापाशी त्या दिवशी जेवढी माणसं जमली, तेवढी माझ्या लग्नालाही नव्हती. कशासाठी, तर जळलेलं गवत हिरवं होताना बघायला.

घरापुढच्या हिरवळीत पावलं उमटली होती. फरशीपासून नळापर्यंत, एकामागे एक, पिवळी, करपलेली. नवी सून घरात येऊन महिना झाला होता, तेवढं शेजारणीनं बरोबर हेरलं. "पायगुण हो," म्हणाली आणि आमचाच चहा पिऊन गेली. माझा मुलगा एरवी स्वतःचे बूट कुठे काढले तेही विसरतो. हा शब्द मात्र त्यानं पक्का धरला आणि हिरवळ महाराजांना घेऊन आला.

महाराजांची शाल हिरवी, टोपी हिरवी, गाडी तेवढी पांढरी. पावलांवर चादरी अंथरून ते पिचकारी घेऊन खाली शिरले. आतून फुस्स फुस्स आवाज.

"भूमाता श्वास घेतेय," चादरीखालून सांगितलं त्यांनी.

"मातेला दमा दिसतोय," मी म्हटलं. कुणी हसलं नाही. मुलानं डोळे वटारले.

चादरी उचलल्या, तर पावलं गायब. सगळं हिरवंगार. शेजारीण रडायलाच लागली.

"पण हे टिकायचं नाही," महाराज म्हणाले. "जाळणारे पाय घरातच आहेत. ते असेपर्यंत इथे पाणी घालाल, तर दाह वर येईल. त्या पायांनी माहेरी जावं. कायमचं."

सून शाळेत रसायनशास्त्र शिकवते. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो म्हणाला, "थोडे दिवस जाऊन ये ना. लोक बघतायत."

ती आत गेली आणि बॅग भरून बाहेर आली. माझी जीभ सगळ्या गल्लीला पुरून उरते, पण नेमकी तेव्हा टाळ्याला चिकटली. पावलांकडे मी आधीच एकदा नीट बघितलं होतं ना.

तेवढ्यात आमची पांढरी मांजर त्या गवतात मनसोक्त लोळली. उठली ती पोपट होऊन.

सुनेनं बॅग खाली ठेवली. "महाराज, हिचाही दाह शमवलात का?" नळावर रुमाल भिजवून तिनं दोन पावलांवरचं गवत पुसलं. रुमाल हिरवा झाला, गवत पुन्हा पिवळं. "रंग आहे हा. म्हणून पाणी नको म्हणतात." चिमटीत धरून ओढलं, तर पेंढ्यासारखं मुळासकट हातात आलं. "मेलंय ते. रंगानं जिवंत होत नाही."

"श्रद्धा नसेल तिथे रंग उतरतो," असं पुटपुटत महाराज गाडीकडे पळाले. मांजर त्यांच्याआधी पांढऱ्या सीटवर जाऊन बसली होती.

"मग पावलं कुणाची?" मुलगा म्हणाला.

सुनेनं माझ्याकडे बघितलं आणि नजर वळवली.

मी दारातल्या माझ्या चपला आणल्या आणि सगळ्यांदेखत पावलांवर ठेवल्या. अगदी बरोबर बसल्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझा उजवा पाय बाहेर वळतो, तसाच तिथेही वळलेला. सून आली त्याच आठवड्यात फरशीच्या फटींतलं तण मारायचं औषध मी शिंपडलं होतं आणि त्याच ओल्या चपलांनी गवतातून नळावर गेले होते. डब्यावर सूचना होती. "वाचून दाखवू का?" असं सुनेनं विचारलं होतं. दोन इयत्ता शिकलेल्या मी तिला सुनावलं होतं, "तू जन्मायच्या आधीपासून बाग करतेय मी."

"घ्या बघून," मी लोकांना म्हटलं. "पायगुण माझा आहे. आता मला कुठल्या माहेरी धाडता?"

फाटक भराभर रिकामं झालं. शेजारणीला तर घरचं दूध उतू गेल्याचं आठवलं.

"तुला ठाऊक होतं?" मी सुनेला विचारलं.

"चपला दारातच तर असतात, आई."

"मग बोलली का नाहीस?"

"वाटलं, तुम्ही बोलाल."

आयुष्यात मला कुणी इतक्या थोड्या शब्दांत झापलेलं नाही.

मेलेलं गवत आम्ही दोघींनी उपटलं. तिथली माती काढून नवी भरली, बी पेरलं, रोज पाणी घातलं. मुलाला बॅग परत माळ्यावर ठेवायला लावली. तीन आठवड्यांत कोंब आले. त्यात मंत्र नव्हता, चादर नव्हती.

तुमच्याकडे काही करपलं, तर दुसऱ्याच्या पायांकडे बोट दाखवण्याआधी आपल्या चपलेचे तळ बघा. आणि डब्यावरचं वाचता येत नसेल, तर ज्याला येतं त्याला विचारा. घरातल्याच माणसाला विचारायचं असतं, त्यात नाक कापलं जात नाही. माझं अजून जागच्या जागी आहे.