तेरच्या बाजारातले किडे

तेरच्या बाजारात त्या दिवशी भाजीवाले माशा मारत बसले होते. सगळी गर्दी बलभीमबाबाच्या पालात. परातीत पाणी, मधोमध निखाऱ्याची वाटी. बाबा तीत चिमूटभर 'जडीबुटी' टाकायचा अन् वरून बुडाला नळी बसवलेलं मडकं पालथं घालायचा. दुखणेकऱ्यानं नळीतून धूर ओढायचा. मडकं उचललं की पाण्यावर बारीक पांढरे किडे! बाया "अगं बया!" करत मागं सरायच्या.

"दात किडो, गाल किडो! डाक्टर कापतो, बाबा उपटतो!" बाबाची टकळी काही थांबत नव्हती.

जगदेवी पदरानं तोंड झाकून बसली होती. गालाच्या आत, रोज मिसरी लावायची तिथंच, पांढरा चट्टा उठला होता अन् त्यात दोन महिने न भरलेली जखम. भाकरीचा घास गिळताना डोळ्यांत पाणी यायचं. बाबानं आधी दोनदा किडे काढले, जखम तसूभर हलली नाही. तरी ती परत आली, कारण बाबा काही विचारत नाही. डॉक्टर विचारतो, तंबाखू लावता का? आणि जगदेवी तर पोराच्या खिशात गुटख्याची पुडी सापडली की गल्ली गोळा करणारी बाई! तव्यावर तंबाखू भाजून केलेली तिची मिसरी न्हाणीच्या आडोशाला चालायची. ते दातांचं औषध आहे, अशी तिनं मनाची समजूत घातली होती. लाज मात्र जात नव्हती.

मागं रांगेत शेजारीण कडूबाई होती. तिच्याही जिभेला फोड आला होता, अन् तिला जगदेवीनंच इथं आणलं होतं.

जगदेवीची लेक शिवप्रिया शाळेत विज्ञान शिकवायची. आई कुठं जाते हे कळल्यावर ती मागोमाग आली होती. नळी आईच्या तोंडाशी येताच ती म्हणाली, "बाबा, एकदा नळी मोकळीच ठेवा की."

"देवाला चालत न्हाय!"

"मग मीच ठेवते." तिनं चिमूट टाकली, मडकं पालथं घातलं. नळीला कुणाचंच तोंड नव्हतं. मडकं उचललं, तर परातीत किडेच किडे.

"हे कुणाच्या दातातले? मडक्याच्या?"

गर्दी खो खो हसली. शिवप्रिया म्हणाली, "ही जडीबुटी म्हणजे बांधावरच्या काटेरी भुईरिंगणीच्या बिया. निखाऱ्यावर बी तडकतं अन् आतला पांढरा कोंब पाण्यात पडतो. किडा कसला!"

बाबा उसळला. "ह्या बाईलाच विचारा! सांग बाई, गुण आला का न्हाय?"

सगळे जगदेवीकडं बघायला लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. 'आला' म्हटलं असतं तर तिची झाकली मूठ तशीच राहिली असती. पण कडूबाई तिच्याच तोंडाकडं बघत होती.

"न्हाय आला," जगदेवी म्हणाली. "जखम हाय तिथंच हाय. म्या मिसरी लावते. पोराला शिव्या देते अन् आडोशाला तंबाखूच चोळते. ते सांगायची लाज वाटली म्हणून दवाखान्यात गेले न्हाय. कडूबाई, तुला हितं आणलं, चुकले बाई म्या."

दुसऱ्या दिवशी धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टरांनी गालातला बारीक तुकडा तपासायला घेतला.

"दोन महिने कुठं होता, मावशी?"

"लाजत होते," जगदेवी खाली मान घालून म्हणाली.

"दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा-लाल चट्टा, गाठ, तोंड उघडायला त्रास, यातलं काहीही दिसलं की लगेच दाखवायचं. दुखत नसलं तरी. कॅन्सर असलाच, तर लवकर सापडल्यावर बरा व्हायची शक्यता खूप जास्त. लाजून तो थांबत नाही."

तपासणीचं काय निघणार, हे अजून कुणालाच ठाऊक नव्हतं. बाहेर बाकावर कडूबाई ओठ मिटून बसली होती. जगदेवीनं तिचा हात धरून तिला उठवलं.

"चल, आ करून दाव डाक्टरला. म्या लाजंपायी दोन महिने घालवले. तू एक दिस बी घालवू नगंस."