तिरका काप

मिस्त्रींच्या हातची गाडी त्याच दुखण्यासाठी परत आली, असं चाळीस वर्षांत कधी झालं नव्हतं. या आठवड्यात मात्र दुरुस्त केलेली गाडी पुन्हा पुन्हा दारात येत होती, आणि ती आणणारी त्यांची स्वतःचीच लेक होती. अब्रू गेली ती निदान घरच्या घरीच, एवढंच समाधान.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. क्लचच्या पेडलपासून मागे गिअरबॉक्सपर्यंत एक लांब सळई जाते. पाय दाबला की सळई ओढली जाते आणि क्लच सुटतो. सळई तुटली की पेडल लुळं पडतं आणि गिअर बदलता येत नाही. सोमवारी ती फाटकातच तुटली. लोखंड म्हातारं झालं, असं म्हणून मिस्त्रींनी ती जोडून दिली. गुरुवारी पुन्हा तुटली, तेव्हा त्यांनी वेल्डिंगच्या कांडीला मनसोक्त शिव्या घातल्या. आज शनिवारी गाडी गल्लीच्या टोकापर्यंत तरी पोचली. मग लेक आणि शेजारचा सायकलवाला घाम गाळत ती ढकलत परत घेऊन आले.

मागे हौद्यात लेकीची दोन शिलाई मशिनं, कापडाचे तागे आणि फोमचे गठ्ठे दोरीने आवळून ठेवले होते. ती सोफ्या-खुर्च्यांची कव्हरं शिवायची. मोठ्या शहरात तिला दुकानाला जागा मिळाली होती. सहा तासांचा रस्ता, त्यातले दोन तास नुसता उतार. जागेच्या मालकाने दोनदा मुदत वाढवून दिली होती. आज संध्याकाळी चावी घेतली नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार होती.

"गाडीच्या मनातच नाही बाबा, मी जावं," लेक कपाळ पुसत म्हणाली.

"गाड्यांना मन असतं, तर आम्हा मिस्त्र्यांना कोण विचारणार होतं?" असं म्हणत ते पाठीवर पडून गाडीखाली सरकले.

दोन्हीकडच्या पिना काढून त्यांनी तुकडे बाहेर घेतले. आधीच्या दोन्ही वेळी रागारागात त्यांनी तुटलेली तोंडं सरळ ग्राइंडरला लावली होती. शिकाऊ माणूस करील अशी चूक. आज त्यांनी तोंड रॉकेलच्या फडक्याने पुसलं आणि उजेडात धरलं. आपोआप तुटलेलं लोखंड करडं आणि रवाळ दिसतं. यातलं अर्धं तसं होतं. उरलेलं अर्धं सपाट आणि चकचकीत होतं. ते हॅक्सॉने, लोखंड कापायच्या करवतीने, कापलेलं होतं.

कोण असेल? मनातल्या मनात त्यांनी सगळी गल्ली आरोपीच्या पिंजऱ्यात उभी केली. पण गाडी उभी असायची त्या शेडला कुलूप असायचं आणि किल्ली त्यांच्या कमरेला.

मग त्यांनी काप नीट पाहिला. सरळ उतरलेला नव्हता, डावीकडे कलत गेला होता.

उमेदवारीच्या दिवसांत मिस्त्रींचं मनगट मोडलं होतं आणि ते वाकडंच बसलं. तेव्हापासून त्यांच्या हातातली करवत डावीकडे जायची. धंद्यातले लोक त्यांना 'तिरके मिस्त्री' म्हणायचे. बायको होती तोवर घरातल्या प्रत्येक फळीवरून त्यांना टोमणा मिळायचा. एवढा कलता काप पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाचा नव्हता.

त्यांनी नखं पाहिली. नखांत लोखंडाचा बारीक चुरा होता. काल त्यांनी काहीही कापलं नव्हतं. जेवून नेहमीप्रमाणे शेडमधल्या बाकावर झोपले होते आणि उठल्यावर खांदा भरून आला होता, एवढंच.

ते तसेच गाडीखाली पडून राहिले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटली. लेकीला सांगितलं, तर ती बापाला असं टाकून जाणार नाही, जन्मभर इथेच अडकेल. न सांगावं, तर पुढच्या वेळी काप थोडा कमी पडेल आणि सळई उतारावर तुटेल.

त्यांनी सांगायचं नाही असं ठरवलं. जोडकाम केलंच नाही. जाड सळईचा नवा तुकडा कापला, टोकं तापवून वाकवली, भोकं पाडली, पिना बसवल्या. पेडलला दोन बोटं मोकळा खेळ ठेवला.

"झालं. आत्ताच्या आत्ता निघ," ते बाहेर येऊन म्हणाले. "जेवायलाही थांबू नकोस."

"एवढी कसली घाई?"

"मला झोप लागायच्या आत जा!"

शब्द तोंडातून निघून गेला. लेक त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"तुम्हाला कळलं तर," ती म्हणाली. "बुधवारी दुपारी मी चहा घेऊन आले, तेव्हा तुम्ही गाडीखाली कापत होता. डोळे उघडे होते. मी हाक मारली. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, पण ओळखलं नाहीत. काय कापत होता, ते गुरुवारी सळई तुटल्यावर कळलं."

"झोपेत चालतात काही माणसं," मिस्त्री घाईने म्हणाले. "झोपेचं काय एवढं!"

"मलाही तसंच वाटलं. म्हणून काल तुम्ही आडवे झाल्यापासून उठेपर्यंत मी दारात बसून होते. तुम्ही जागचे हललासुद्धा नाहीत, बाबा."

काल सळई कापली होती ती जागेपणी, हे त्या दोघांनाही कळलं.

"तरी तू जायचंस," शेवटी ते म्हणाले. "तुझ्या मावशीला बोलावून घेतो मी सोबतीला. माझी शपथ आहे तुला."

शपथ घातल्यावर ती डोळे पुसत गाडीत बसली. इंजिन सुरू झालं, पेडल खालपर्यंत गेलं, गिअर अलगद पडला. मिस्त्रींना हायसं वाटलं. ते फाटकाशी गेले, एक दार उघडलं, दुसऱ्याची कडी काढली आणि मागे वळले.

शेडमध्ये एक पिकअप चालू होती. हौद्यातली शिलाई मशिनं त्यांनी लगेच ओळखली, ती लेकीची होती. पुढे मात्र कोणी अनोळखी बाई बसली होती आणि रडत होती. मिस्त्रींना तिची दया आली. फाटक पुन्हा लावून घेऊन ते खिडकीपाशी गेले.

"बाई, गाडी बंद करा," ते मऊ आवाजात म्हणाले. "ही माझ्या लेकीची आहे. तिला आज लांब जायचंय."

बाईने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने चावी फिरवली. इंजिन थांबलं.

"नाही जात ती," बाई म्हणाली. "ती इथेच राहणार आहे."

"खरंच?" मिस्त्रींनी विचारलं, आणि त्यांचा चेहरा आनंदाने उजळला.