खाचेखालचं पाणी

मित्रांनो, मी एक जुना खैराचा खुंट आहे. आंबिवलीच्या बाजूला, भातखाचरांच्या पलीकडे एक पाणथळ आहे, तिच्या खोल खळग्याच्या काठावर मी उभा असतो. माझी गोष्ट तुम्हांला ऐकावीशी वाटेल का, याची मला खात्री नाही. जमेल तशी सांगतो.

पावसाळ्यात ही पाणथळ खाचरांना मिळून एक होते. उन्हाळ्यात ती आटत जाते आणि शेवटी फक्त खळगा उरतो. मरळ, शिंगटी, वाम, खवली असे सगळे मासे मग त्या एवढ्याशा पाण्यात दाटीने राहतात. गावातल्या जुन्या माणसांनी मला इथे रोवलं आणि माझ्या अंगावर एक खाच पाडली. पाणी उतरत त्या खाचेला टेकलं की मासेमारी बंद. खाली उरेल ते पुढच्या सालचं बियाणं. हा नेम कुणी लिहून ठेवला नव्हता, पण तो कुणी मोडतही नसे. बायका जाता-येता माझ्यावर हळदकुंकू वाहत. मला संकोच वाटे. माझं काम ते काय, नुसतं उभं राहणं!

स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी गावाने खळग्याच्या काठचा गाळ शेतात टाकायला उपसला. त्यासाठी मला उपटून बाजूला ठेवलं. काम झाल्यावर परशुरामने मला परत रोवलं. हा परशुराम गावचा शेतकरी, मनाने सरळ. माझ्यावर त्याचा भारी जीव.

"घट्ट बसव रं, देव हाय त्यो आपला!" लोक म्हणाले. त्याने मोठ्या भक्तीने घाव घातले. उपसलेली जमीन मऊ होती. मी हातभर खोल गेलो आणि माझ्याबरोबर ती खाचही खाली गेली. हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

पुढच्या वैशाखात परशुरामच्या मुलीचं, सगुणाचं लग्न ठरलं. हळदीला पाहुण्यांच्या पानात मासळी हवीच. जाळी घेऊन माणसं खळग्यावर आली, तेव्हा आवडाबाई धावत आली. ती परशुरामची विधवा भावजय. तिला शेत नव्हतं. इथली मासळी टोपलीत घालून कल्याणच्या बाजारात विकायची, त्यावरच तिची चूल पेटायची.

ती पाण्यात उतरली. "भावोजी, पानी गुडघ्याला बी नाय लागत. बस करा आता."

"खाच अजून बुडालेली हाय, दिसत नाय का तुला?" परशुराम म्हणाला. "खुंटापेक्षा तू शानी झालीस काय गो वयनी?"

सगळे हसले. एकजण म्हणाला, "हिला हळदीचं आमंत्रन दिलं नसंल, म्हनून रुसलीय!"

"माझी पुतनी हाय ती, मला आमंत्रन कशाला लागतंय?" आवडाबाई म्हणाली. "पन पुढल्या साली मी काय विकू, ते तेवढं सांगा."

मला ओरडावंसं वाटलं. पण लाकडाला कुठलं तोंड? माणसांनी पाणी तुडवून गढूळ केलं, जाळी ओढली आणि मोठ्यातली मोठी मरळही निघाली. हळद थाटात झाली.

त्या पावसाळ्यात खाचरं भरली, पण पोरांच्या टोपल्यांत फक्त खेकडे आणि बेडूक आले. आवडाबाईची टोपली रिकामीच राहिली. स्टेशनजवळ बांधकाम चाललं होतं, तिथे ती विटा वाहायला जाऊ लागली. पुढच्या उन्हाळ्यात पाणी आटल्यावर परशुरामने एकदा तिला माझ्यापाशीच थांबवलं. त्याचा आवाज पडला होता.

"वयनी, आमी नेम मोडला नाय गो."

"नाय मोडला," ती म्हणाली. "पन खुंटाकडं बघत बसलात. पान्याकडं कोन बघनार?"

तो खाली बसला आणि त्याने माझ्या बुंध्याची माती हातांनीच उकरली. मग मला वर ओढून, आवडाबाईला पाण्यात उभं करून, ती सांगेल तिथे रोवलं.

सगुणाचं सासर खडवलीला. हे तिच्या कानावर गेलं, तेव्हा माहेरी येताना तिने नदीतल्या मरळी हंड्यात घालून गाडीने आणल्या. काही वाटेतच मेल्या, उरल्या त्या आवडाबाईने पाण्यात सोडल्या. भाद्रपदात माझ्याजवळ मरळीच्या लालसर पिल्लांचा एक लहानसा पुंजका दिसला, आणि त्यांच्याखाली त्यांची आई फिरत होती. आवडाबाई विटांच्या कामावर जाताना तिथे थांबली. तिला रडू आलं की हसू, मला कळलं नाही.

पण मित्रांनो, शिंगटी आली नाही. वामही आली नाही. खवली माशांच्या झुंडी पाण्यावर चमकत, त्या मला अजून दिसलेल्या नाहीत. हे मासे कुठून आणायचे, हे गावात कुणालाच ठाऊक नाही.

तुम्ही कधी अशा पाणथळीवर आलात, तर माझ्यासारख्या खुंटाला नमस्कार नाही केलात तरी चालेल. मात्र जाळं टाकण्याआधी एकदा पाण्यात उतरा. पाणी कुठवर लागतं ते पाहा, आणि त्यात अजून कोण कोण राहिलं आहे, तेही पाहा.