डाव्या बुटाचे उट्टे

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा. उजवा माझा सख्खा भाऊ. तो स्वभावाने गरीब, म्हणून सांगायचे काम माझ्याकडे.

मित्रांनो, माझे मालक घड्याळजी. तरुणपणी ते दर सुट्टीला मला घालून डोंगर चढत आणि घरी आले की तेल लावून मला चकचकीत करत. “असा बूट शोधून सापडणार नाही,” असे चारचौघांत सांगत. मी फुगून जात असे.

पुढे त्यांचे गुडघे कुरकुरू लागले. शेवटच्या सहलीनंतर मला तसेच ओले, चिखलाने माखलेले पिशवीत कोंबून माळ्यावर टाकले. लोकांच्या घड्याळांना थेंब थेंब तेल घालणारा हा माणूस मला साफ विसरला! चामडे तडकले, आत झुरळांनी संसार थाटला. तेव्हाच मी दातओठ खाऊन ठरवले, याचे उट्टे काढायचे.

म्हातारपणी घड्याळजींनी बेकरीवाला आणि नर्सबाई या जुन्या दोस्तांबरोबर जंगलातली लांबची वाट धरायचे ठरवले. वाटेच्या शेवटी एक तळे होते. ते तिघांनी मिळून बघायचे, हे त्यांचे तरुणपणापासूनचे स्वप्न. घड्याळजींनी गुडघ्यांना पट्टे आणले आणि आम्हा दोघा भावांना माळ्यावरून खाली काढले.

“अरे, आधी चार दिवस घालून फिर तरी,” नर्सबाई म्हणाल्या.

“काही गरज नाही. असला माल आता मिळतो कुठे?” म्हणत त्यांनी मला नुसता फडका मारला.

फडका! इतक्या वर्षांनी फडका!

मी घाई केली नाही. शेवटची खडकाळ चढण आली, तेव्हा तळवा सोडून दिला. बेकरीवाल्याने दोरीने बांधला, तर मी दोरीही खडकावर घासून तोडली. पिशवीत होत्या नुसत्या चपला, त्यांवर ती चढण जमण्यासारखी नव्हती.

“आम्ही पण थांबतो,” बेकरीवाला म्हणाला.

“वेडे आहात का? जा. माझ्या वाटचं पण बघून या.”

ते गेले. घड्याळजी चढणीच्या पायथ्याशी असलेल्या वनरक्षकाच्या चौकीच्या पायरीवर मला मांडीवर घेऊन बसले. त्यांचे डोळे भरून आले होते. मला मात्र मनातल्या मनात उकळ्या फुटत होत्या.

दोस्तांनी तळ्याकाठचा एक खडा आणला. तो माझ्यात ठेवून घड्याळजींनी मला कामाच्या टेबलावर मांडले आहे. आता ते रोज मला तेल लावतात. मी ते पितो, पण माफ केलेले नाही.

मित्रांनो, तुमचे बूट ओले असतील तर आजच वाळवा. आम्ही बोलत नाही, पण विसरतही नाही.