तिसरा अर्ज

खुशालराव दारात येऊन उभे राहिले तेव्हा चतुराबाई गहू निवडत बसली होती. तीस वर्षं तिने या माणसाची वाट पाहिली होती, आणि तो आला तो नेमका अर्ज मागे घ्यायच्या दिवशी, सकाळी साडेदहाला.

"बसा," ती म्हणाली. स्वतः उठली नाही.

तेल्हाऱ्याकडचं हे गाव खारपाणपट्ट्यातलं. इथल्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही. तीस वर्षांपूर्वी गोड्या पाण्याची नळयोजना आली, पाइप गावभर फिरले आणि बौद्धवस्तीच्या अलीकडे थांबले. चतुराबाईचा नवरा देवराव तेवढ्याचसाठी ग्रामपंचायतीला उभा राहिला. वॉर्डात वस्तीची मतं जास्त. समोर एकटे खुशालराव असते तर देवराव हसत निवडून आला असता.

खुशालरावांनाही ते कळत होतं. त्यांनी देवरावाला बोटही लावलं नाही. त्याचा चुलतभाऊ पुंजाजी, त्याच्या खांद्यावर फक्त हात ठेवला. "सदा देवरावच कावून? तू कावून नाई?" पुंजाजीने विहारात बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला आणि साऱ्या वस्तीसमोर शब्द दिला, मी उभा राहतो. तिथे दिलेला शब्द मागे कोण घेणार? चतुराबाई त्याच्या पाया पडली. तो रडला, पण मागे सरला नाही.

मग ती खुशालरावांच्या घरी गेली. ते ओसरीवर खुर्चीत, ही अंगणात उन्हात उभी. ते म्हणाले होते, "बाई, उभं राहाचा हक्क सगळ्यायले हाय. तुमच्या बाबासाहेबांनीच देला. मी कोण अडवणारा?"

तेव्हा शिक्क्याच्या मतपत्रिका होत्या. खुशालराव एकशे अठ्ठावन्न, देवराव एकशे सत्तेचाळीस, पुंजाजी एकोणचाळीस. एकशे शहाऐंशी माणसांना खुशालराव नको होते, आणि निवडून तेच आले. वस्तीत नळ यायला त्यानंतर अकरा वर्षं लागली. देवरावाच्या किडन्या गेल्या. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले, पाणी बदला. कुठून बदलणार होती ती? नळाला पाणी आलं त्याच्या दोन महिने आधी देवराव गेला. हे आकडे चतुराबाईला अजून तोंडपाठ होते.

आता सरपंच थेट गावातून निवडायचा होता. खुशालरावांचा मुलगा किशोर उभा, समोर टँकरवाला मनोज. किशोर येणार हे शेंबडं पोरही सांगत होतं. चतुराबाई मग आशाबाईकडे गेली. आशाबाई म्हणजे खुशालरावांच्या धाकट्या भावाची विधवा. दोघी एकाच बचत गटात पापड लाटायच्या.

"आशे, गट तू चालवतं. बाया तुयं ऐकतात. घरात तुयं नाव तरी निघालं का?"

"निघते ना मावशी. चहा टाकाले निघते."

"मंग आता अर्ज टाक. आन चिन्हाची वाट पाहू नको. नारळ आदीच फोड."

"चिन्ह नसताना नारळ? लोक हासतील मले."

"हासू दे."

आशाबाईने मारुतीच्या पारावर चाळीस बायका जमवून नारळ फोडला. गाव हसलं. खुशालरावांच्या घरात मात्र त्या दिवशी कोणी जेवलं नाही. मारुतीसमोर नारळ फोडून अर्ज मागे घेतलेला माणूस या गावात कोणी पाहिला नव्हता. आता आशाबाईला फक्त एकच बाई वळवू शकत होती, आणि ती गहू निवडत बसली होती.

"आशा तुयं ऐकते," खुशालराव म्हणाले. "तीन वाजेपर्यंत वेळ हाय. तिले घेऊन तेल्हाऱ्याले जा. मी गाडी देतो."

चतुराबाईने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"किशोर वाईट पोरगा नाई. मागच्या साली वस्तीतला पाइप त्यानंच दुरुस्त केला. मनोज टँकरचं पाणी विकते. तो सरपंच झाला तर नळ कोरडे ठेवीन. तुमाले बी भोगा लागीन."

ते खरं बोलत होते. तिची बोटं गव्हात क्षणभर थांबली. मग ती उठली, कोपऱ्यातला तांब्या आणून तिने त्यांच्या हातात दिला. नारळ फुटल्यापासून रोज सकाळी ती तो भरून ठेवत होती.

खुशालरावांनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "हे तं जुन्या विहिरीचं."

"हो. देवराव अकरा वर्षं पेला."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "पुंजाजीचं अजून धरून बसली का तू?"

"उभं राहाचा हक्क सगळ्यायले हाय, खुशालराव. मी कोण अडवणारी?"

ते उठून गेले. तीन वाजून गेले तरी तिने गहू निवडणं थांबवलं नाही.

मतमोजणी झाली. मनोज चारशे एकतीस, किशोर चारशे बारा, आशाबाई एकशे अठरा. आशाबाई हरूनही धावत आली, चेहरा फुललेला. "मावशी, एकशे अठरा जणायनं माह्यं बटन दाबलं. तुमचं धरून ना?"

"हो," चतुराबाई म्हणाली. तिने बटण मनोजचं दाबलं होतं. आशाबाईकडे बघून खोटं बोलताना तिला जड गेलं, तेवढंच.

मे महिन्यात नळ कोरडे पडले. मनोजचा टँकर चौकात येऊ लागला आणि उन्हात हंड्यांची रांग लागू लागली. गावातले आणि वस्तीतले हंडे आता एकाच रांगेत. एक दिवस चतुराबाईच्या पुढचा पितळी हंडा ओळखीचा निघाला, काठावर नाव कोरलेलं: खुशालराव. ते स्वतः शेजारच्या दगडावर, डोक्यावर दुपट्टा टाकून बसले होते. रांग सरकली की ते उठून आपला हंडा पुढे ढकलत, मग ती आपला ढकली. घसा सुकला होता तिचा, गुडघे दुखत होते. मागची बाई म्हणाली, "मावशी, सावलीत बसा, हंडा मी सरकवतो."

"नको," चतुराबाई म्हणाली. "मले इथून बराबर दिसते."